सुनंदानं पाहिलेला अमीबा

रंगमंचावर मी अट्टल दारुडा आहे. खऱ्या आयुष्यात दारूचा थेंब मी जिभेला लावलेला नाही. हे दुसरं वाक्य पटवून देण्यात माझं अख्खं आजारपण गेलं, म्हणून ते आधीच सांगून टाकतो.

ब्रह्मपुरीला एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवायचो. दिवाळी झाली, धान कापून झाला की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, जत्राच ती. लेकी-जावई, पाहुणे-रावळे गोळा होतात आणि मांडवात रात्रभर नाटक चालतं. अशा एका नाटक मंडळीत मी सुट्टीच्या दिवशी काम करायचो. चेहरा राजाचा नाही, आवाज खलनायकाचा नाही, पण जीभ जड करून झोकांड्या खाण्यात माझा हात धरणारा त्या पट्टीत कोणी नव्हता. त्यामुळे माझी भूमिका ठरलेली असायची.

माझी बायको सुनंदा. तिचे वडील मोहाची पिऊन पिऊन गेले. आधी डोळे पिवळे झाले, मग पोटात पाणी झालं, मग पोट एवढं फुगलं की त्यांना स्वतःचे पाय दिसेनात. ती तेव्हा शाळेत होती. लग्न ठरताना तिनं एकच मागणी केली होती, की घरात दारू येणार नाही. ती मी पाळली. नाटकातल्या दारुड्याला मात्र ती पदर तोंडाशी धरून हसायची.

आता त्या दारुड्याच्या बाटलीबद्दल. आमच्याकडचा प्रेक्षक भारी बिलंदर. पहिल्या रांगेतली मंडळी बाटलीवर डोळा ठेवून बसतात. नुसती तोंडाला लावून खाली ठेवली की मांडवातून आवाज येतो, "सर, संपवा, अर्धी उरली." मग मी घटाघटा रिकामी करायचो आणि लोक खूश व्हायचे. आत पाणी असायचं, रंगासाठी चिमूटभर काथ घातलेलं. पेटी वाजवणारे आमचे वामनभाऊ सामानही सांभाळायचे. बाटली तेच भरायचे. मुलांना वर्गात पाणी उकळून प्या म्हणून शिकवणारा मी, ते पाणी कुठून आणता हे त्यांना कधी विचारलं नाही. स्टेजवर आपण स्वतः नसतोच असं काहीतरी डोक्यात असावं.

ताप

नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. हंगाम संपत आला तसा मला संध्याकाळी हुडहुडी भरून ताप यायला लागला. ताप म्हटला की आमच्या जिल्ह्यांत पहिला संशय मलेरियावर. त्याच्या गोळ्या झाल्या. मग कोणी काविळीचा पाला दिला, तोही गिळला. पोटाच्या खळगीत ठणका सुरू झाला, खोकलं तरी कळ यायची. भात पाहिला की मळमळायचं. पँट कमरेवर राहीना म्हणून सुतळी बांधली.

गावात बातमी फिरली की सरांचं लिव्हर गेलं. म्हातारे लोक येऊन बसायचे आणि मायेनं सांगायचे, "सर, आता तरी सोडा." काय सोडू? मी चिडायचो, आणि दारुडा चिडतोच, हेही त्यांना ठाऊक होतं. ज्यांनी वर्षानुवर्षं मला पडताना पाहून टाळ्या वाजवल्या, त्यांना दुसरं काही सुचणं अवघड होतं. माझा अभिनय एवढा बरा असेल असं मलाही वाटलं नव्हतं.

ही हकिकत लिहायचं कारण तेच. उजव्या बरगडीखाली किंवा खळगीत दुखत असेल, ताप हटत नसेल, तर कोण काय म्हणतं ते ऐकत घरी बसू नका. सोनोग्राफी करा. मी ती करायला फार उशिरा गेलो.

तो दिवस

चंद्रपूरला नेलं ते जीपमध्ये मागच्या बाकावर आडवं घालून. प्रत्येक खड्डा पोटात लागला. सोनोग्राफीच्या पडद्यावर माझं यकृत दिसलं आणि त्याच्या डाव्या भागात एक काळं वर्तुळ. मोठे डॉक्टर, म्हणजे तिथले मुख्य डॉक्टर, कमी बोलणारे आणि खडूस. त्यांनी विचारलं, "किती पिता?"

"पीत नाही."

"गुरुजी, असा फोड घेऊन येणारे सगळे हेच सांगतात." मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "अमीबाचा फोड आहे. पूनं भरलाय. वर हृदयाची पिशवी आहे, तिच्यापासून फार लांब नाही. वर फुटला तर माझ्या हातात काही राहणार नाही."

सुनंदा माझ्या उशाशी उभी होती. तिनं फक्त पहिला प्रश्न ऐकला होता, असं मला नंतर कळलं. बाहेरच्या बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "खरं सांगा जी. पेता का?"

"नाई."

"नाटकात?"

"काथाचं पानी असते. तुले मालूम आहे."

"मालूम होतं," ती म्हणाली. "मी हे एकदा पाह्यलं आहे. खरं सांगसान तर मी मरेपर्यंत सेवा करीन. पन खोटं बोलले असान तर तुमी बरे झाल्यावर मी माहेरी जाईन. वापस नाई येनार."

फोडाची भीती मला त्या वेळी वाटली नाही. हिच्या डोळ्यांत तिच्या बापाचं पोट दिसत होतं, आणि ते मी कसं पुसणार होतो? माझ्याकडं माझ्या शब्दाशिवाय काहीच नव्हतं आणि शब्दांचा धंदा तर मी नाटकात करत होतो.

गोळ्या

सकाळी सहाला झाडू, मग सिस्टरची थर्मामीटरची फेरी, मग चहा, मग डॉक्टर, मग दुपारभर पंख्याकडं पाहत पडायचं. गोळ्यांनी तोंडाला लोखंडाची चव आली. पाणी प्यायलं तरी खिळा चोखल्यासारखं वाटायचं.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी दोघांसमोर ताकीद दिली, "या गोळ्या चालू असताना दारू घेतली तर उलट्या होऊन जीव नकोसा होईल." झालं. सुनंदा खाटेशी बसून माझ्यावर पहारा करायला लागली. आणि माझं नशीब असं फुटकं की दुसऱ्याच दिवशी मला भडभडून उलटी झाली. या गोळ्यांनी नुसतीसुद्धा मळमळ होते, हे सिस्टरनं तिला समजावलं. सुनंदानं ऐकून घेतलं. नंतर मला हळूच म्हणाली, "वामनभाऊ काल भेटाले आले होते. पिशवीत काय आनलं होतं?"

"संत्री."

तिनं पिशवी उपडी केली. संत्रीच निघाली. तरी तिचं तोंड तसंच राहिलं.

शेजारच्या खाटेवर एटापल्लीकडचे एक म्हातारे होते. जंगलातल्या गावची माणसं. त्यांची बायको दिवसभर जमिनीवर मांडी घालून बसायची आणि कोणाला काय हवं नको ते पाहायची. मला तोंड वाकडं करताना पाहून तिनं गाठोड्यातून भाजलेली मोहाची फुलं काढली आणि दोन माझ्या हातावर ठेवली. सुनंदानं माझा हातच धरला.

"मोह नाई पाह्यजे आजी. दारूची वस्तू."

आजीनं तिच्याकडं नवलानं पाहिलं. "दारू काऊन म्हन्ते बाई? फूल होय थे. पावसाळ्यात लेकरं हेच खातेत." आणि एक फूल तिनं सुनंदाच्याच हातात दिलं. सुनंदानं ते उलटसुलट करून पाहिलं. मग खाल्लं. जन्मात पहिल्यांदा खाल्लं तिनं. मीही दोन खाल्ली. गोड, चिकट, मनुक्यासारखी. तोंडातलं लोखंड थोडा वेळ गेलं. त्या आजीसारखी मोकळी माणसं दवाखान्यात भेटली म्हणून मी तिथे टिकलो, असं मला वाटतं.

आकार नसलेला

पडल्या पडल्या मी अमीबाचा विचार करायचो. दुसरं करण्यासारखं होतं काय?

मुलांचा हा लाडका प्राणी. कशीही आकृती काढा, चुकत नाही. मी फळ्यावर सपकन एक वेडीवाकडी रेघ फिरवायचो, मधे केंद्रक, बाजूला अन्नाची पोकळी, झालं. तो अमीबा डबक्यातला, बिचारा निरुपद्रवी. माझ्या पोटातला त्याचा चुलतभाऊ. पण घडण तीच. एकच पेशी. तोंड नाही, पाय नाहीत, पोट नाही, मेंदू नाही. लागेल तेव्हा लागेल तिथे पाय काढतो, त्याच पायानं भक्ष्याला मिठी मारतो, आणि ते आत घेतलं की तिथेच पोट तयार होतं. काम झालं की पायही नाही आणि पोटही नाही. आपण नुसतं उभं राहायला किती हाडं बाळगतो, याचा मला त्या खाटेवर फार राग यायचा.

आणि त्याचा प्रवास बघा. शरीराबाहेर पडताना हा आपल्याभोवती कवच करतो, अंग आखडून आत निपचित राहतो. पाण्यात, मातीत, भाजीच्या पानावर कितीतरी दिवस वाट पाहतो. कोणी गिळला की जठरातल्या आम्लातून सुखरूप पार होतो आणि खाली आतड्यात जाऊनच कवच उघडतो. तिथे बहुतेक वेळा तो गुपचूप राहतो, माणसाला पत्ताही लागत नाही. एखादाच आतड्याची भिंत फोडून रक्तातून यकृतात जातो. मौज म्हणजे तिथे गेल्याचा त्याला स्वतःला काही फायदा नसतो. यकृतात कवच करता येत नाही, बाहेर पडायला वाट नाही. माणूस मेला तर तोही मेला, माणूस वाचला तरी तो मेला. आम्ही दोघेही चुकीच्या ठिकाणी येऊन अडकलो होतो. मला त्याचा राग येईना.

सुई

गोळ्यांनी ताप थोडा हलला, पण फोड मोठा होत होता. डॉक्टर सकाळी आले, माझ्या खळगीवर दोन बोटं ठेवली, माझा चेहरा पाहिला आणि म्हणाले, "आज काढू. थांबण्यात धोका आहे."

त्या माणसाचा हात मी विसरणार नाही. सोनोग्राफीवर नजर, सुई लांबलचक, वर हृदय धडधडतंय, आणि हा आपला शेतातल्या बांधावरून चालावं इतक्या सवयीनं आत गेला. "श्वास धरा. सोडा. धरा." पिचकाऱ्यांमागून पिचकाऱ्या भरल्या. चिंचेच्या कोळासारखा तपकिरी, दाट पू. खळगीवरचा दगड कोणी उचलून बाजूला ठेवावा तसं वाटलं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

शेवटची पिचकारी त्यांनी वेगळी ठेवली. "मधला पू म्हणजे नुसतं मेलेलं यकृत," ते म्हणाले. "जिवंत अमीबा असलाच तर कडेला, भिंतीला. शेवटच्या थेंबांत सापडतो. पण लगेच पाहावा लागतो. गार झाला की हलत नाही."

मी म्हटलं, "मला पाहायचाय."

"तुम्ही हलायचं नाही. उताणे पडून राहा."

इतकी वर्षं ज्याची रेघ मारली तो माझ्या अंगातून निघाला होता आणि शेजारच्या खोलीत जिवंत होता. आणि मला उठायची परवानगी नव्हती. मग मला सुचलं. "डॉक्टर, हिला पाहू द्या. माझ्या बायकोला."

डॉक्टरांनी सुनंदाकडं पाहिलं. ती दाराशी आक्रसून उभी होती. काय समजले कोण जाणे, पण म्हणाले, "या बाई. लवकर."

ती गेली आणि मी छताकडं पाहत राहिलो. तिकडं काहीच दिसलं नाही तर? प्रत्येक वेळी दिसतोच असं नसतं, हे मला माहीत होतं. तिच्या लेखी मग मी कायमचा दारुडा.

ती आली तेव्हा तिचा चेहरा निराळाच होता. बाकावर बसली आणि आपणहून बोलायला लागली.

"आधी काई दिसेना. नुसता कचरा. त्या तपासनीवाल्या डॉक्टर बाईनं चाक फिरवलं, म्हने हलून राह्यलं का थे पाहा. अन् मंग दिसला. काचेवानी होता जी. एका बाजूनं बोट काढलं. साफ, काईच नव्हतं त्या बोटात. मंग मागचं सारं अंग त्या बोटात सरकत आलं, पानी उतारावर जाते तसं. मंग पुन्हा बोट. पाय नाई अन् चालते कसं?"

"पोटात काई होतं?"

"गोल गोल दाने. बाई म्हने, थे तुमच्या घरधन्याचं रगत होय. मी म्हटलं रगत लाल रायते, हे तं फिक्कट हिरवं हाय. तं म्हने एकेक दाना असा फिक्काच दिसते, लय जमले की लाल होतेत. मी विचारलं, दारूनं होते का असं? बाई म्हने, हे याच प्रान्याचं काम होय, पान्यातून येते. अन् सोनोग्राफीत फोड सोडला तं बाकी लिव्हर साफ हाय म्हने. पेनाऱ्याचं असं नसते."

मग ती रडायला लागली. माझ्या पायांवर हात ठेवून म्हणाली, "मी तुमाले लय बोलले."

तर्कानं पाहिलं तर अमीबा कोणाच्या निर्व्यसनीपणाची साक्ष देऊ शकत नाही. दारुड्यालाही अमीबा होतो, उलट जास्त होतो. पण मी तिच्याशी तर्क करायला गेलो नाही. एवढं वर्णन माझ्या एकाही विद्यार्थ्यानं कधी पेपरात लिहिलं नव्हतं. मी तिला पुन्हा एकदा सांगायला लावलं. तिनं सांगितलं, आणि बोट काढून कसं चालतो ते खाटेच्या चादरीवर हातानं करून दाखवलं.

त्याचीच चूल

पू काढल्यावर ताप उतरला. गोळ्या चालू राहिल्या. त्या कशा काम करतात हे एका फेरीला डॉक्टरांनीच सांगितलं. खडूस माणूस, पण शिकवायला लागला की खुलायचा. आपल्या पेशी प्राणवायूवर चालतात. या अमीबाच्या पेशीत प्राणवायू वापरणारा कारखानाच नाही. तो हवेशिवाय, साखर अर्धीकच्ची जाळून भागवतो. गोळीतलं औषध दोघांच्याही पेशीत शिरतं. आपल्या पेशीत हवा असते, तिथे त्याचं काही होत नाही. अमीबाच्या बिनहवेच्या चुलीवर मात्र त्याचं विष होतं. म्हणजे मारायचं काम त्याचा तोच करतो. हे ऐकल्यावर लोखंडाची चव मला कमी लागायला लागली.

निघायच्या आदल्या दिवशी वामनभाऊ आले. मी विचारलं, "भाऊ, बाटलीत पानी कुठचं भरत होते?"

ते ओशाळले. "जे जवर भेटन थे, सर. कुठी हापशी, कुठी विहीर. एकदोन गावाले शेतातली बोडी होती. काथ घातला की साऱ्याचा रंग सारखाच येते ना." शेतातल्या त्या तळ्यात धानाचं पाणी, जनावरं, माणसं, सगळंच. खोट्या दारूनं मला खऱ्या दारुड्याची अवस्था आणली. सुनंदा यावर पोट धरून हसली, कितीतरी महिन्यांनी.

तिची तपासणी

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण डॉक्टर पक्के होते. घरातल्या माणसाची शौचाची तपासणी करा म्हणाले. घरात आम्ही दोघंच. पुढच्या खेपेला त्यांनी सांगितलं, सुनंदाच्या आतड्यात तेच कवचातले अमीबा आहेत. तिला कधी पोटदुखीसुद्धा नव्हती.

ती घरी आली आणि चुलीपासून उठली ती उठलीच. माझ्या वहिनीकडून डबा यायला लागला. सुनंदा वेगळी बसून जेवायची. हात घासून घासून बोटांची कातडी निघाली. तिलाही गोळ्या झाल्या, पुन्हा तपासणी झाली, आतडं साफ निघालं. तरी ती माझ्या ताटाला हात लावीना. मी फळ्यावर शिकवावं तसं तिला समजावलं, की बाटलीतून मला आणि माझ्याकडून तुला, असंही असेल. डॉक्टरांनाही सांगता येत नाही. ती ऐकायची आणि भांडी राखेनं पुन्हा घासायची.

एका दुपारी वहिनीचा डबा आला नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसलो. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"माह्याच हातानं झालं असन तं?" ती म्हणाली. "माह्या बापाले दारूनं मारलं म्हनून जनमभर दारूले शिव्या देल्या. अन् तुमाले मी भाताच्या घासात कालवून देलं असन तं?"

मी म्हटलं, "असन. देलं असन. मले मालूम नाई, अन् मालूम करायचं बी नाई. लगन झाल्यापासून तुह्याच हातचं खाऊन जगलो, त्याचं काय? मले भूक लागली आहे सुनंदा."

तिनं साबणानं हात धुतले, मला दिसतील असे धुतले. चूल पेटवली. भात उतरवून ताटात घेतला, वर वरण ओतलं, आणि गरम होतं तरी बोटांनी कालवून पहिला घास माझ्या तोंडाजवळ आणला. मी तिचं मनगट धरलं आणि घास खाल्ला.

त्या दिवशी मी भात दोनदा मागून घेतला.